उदयमती राणी आणि न मिटणारे हसू

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, राजा निवर्तला आणि त्याची एकुलती एक लेक गादीवर बसायची झाली. नाव तिचे उदयमती. बोलण्यात मोजकी, न्यायात चोख, आणि मान अशी ताठ की आरशात पाहतानाही खाली झुकत नसे. लोक म्हणत, "राणीचे पाऊल जमिनीला लागते की नाही, एकदा वाकून पाहायला हवे." ते बोल तिच्या कानी येत आणि ती मनातून सुखावे. राजाने असेच असावे, असे बापाने तिला शिकवले होते.

राज्याभिषेकाची मिरवणूक निघाली. पर्वतक नावाच्या हत्तीवर अंबारी, अंबारीत राणी, दुतर्फा सारे नगर. हत्ती नदीघाटाच्या उतारावर आला आणि अंबारीचा दोर तुटला. राणी डोके खाली, पाय वर, अशी घाटाकाठच्या चिखलात पडली. मुकुट घरंगळत गेला तो डबक्यात बसलेल्या एका म्हशीच्या शिंगात अडकला. म्हशीने मान हलवली. मुकुट शिंगावर नीट बसला. म्हैस रवंथ करीत राहिली.

खरे सांगायचे तर तुम्ही-आम्ही तिथे असतो, तर आपणही हसलो असतो. सारे नगर हसले. भालदार हसले, चोपदार हसले, मंत्र म्हणता म्हणता पुरोहित हसले. उदयमती उठली. तोंडावरचा चिखल तिने पुसला नाही. कोणाकडे न पाहता ती पायी चालत राजवाड्यात गेली आणि महालाचे दार तिने आतून लावून घेतले.

सकाळ झाली तरी नगर हसतच होते.

आधी लोकांना वाटले, कालची मौज अजून उतरलेली नाही. पण दुपार झाली, दिवस कलला, आणि हसू ओठांवरून उतरेना. घास तोंडात घ्यावा तर हसू, पाणी प्यावे तर ठसका. कोणाचे बोट कापले की शेजारी हसे. मूल रडले की आई हसे, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहे. प्रधान हसत हसत दाराशी येऊन म्हणाला, "महाराणी, काहीतरी विपरीत घडले आहे." आतून उत्तर आले, "हसायचे आहे ना त्यांना? हसू द्या."

मग एके सकाळी रंभाई आली. रंभाई ही राणीची दाई. उदयमतीची आई बाळंतपणात गेली होती, तेव्हा रंभाईनेच तिला दूध पाजले, तिनेच चालायला शिकवले. तिच्यासाठी दार उघडले. म्हातारी उंबऱ्यातच बसली. तिचे खांदे हसण्याने गदगदत होते आणि पदर डोळ्यांना होता.

"नाव उलटली, बाळराणी," ती म्हणाली. "माझा जावई नावेत होता. घाटावर माणसे उभी होती, हातात दोर होते. पण पोट धरून हसणाऱ्याला दोर फेकता येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत गेला तो."

"आणि तू?"

"मीही हसत होते."

उदयमतीने भरजरी शालू उतरवला, साधे लुगडे नेसली, कंबर कसली आणि पायांत वहाणा चढवल्या.

महालाच्या खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला होता. मोठी पिवळी चोच, डोक्यावर शिरस्त्राण असावे तसा उंचवटा. तो हसत नव्हता, कारण शाप हसलेल्या माणसांना होता, पक्ष्यांना नव्हता.

"शाप कोणाचा, ते मी जाणतो," धनेश म्हणाला. "तुझ्या आजोबांच्या काळी या नगरीत व्योमधर नावाचा मांत्रिक होता. तो मंत्रबळाने आकाशात उडे. राजे त्याच्यासाठी आसन सोडून उभे राहत. एका उत्सवात, भर गर्दीवर उडताना, त्याचा मंत्र चुकला. तो हलवायाच्या कढईशेजारी, पिठाच्या परातीत पडला. नगर हसले. तो उठला तेव्हा पांढराफटक होता, तेव्हा आणखी हसले. जाताना तो म्हणाला, पुन्हा ज्या दिवशी ही नगरी पडलेल्यावर हसेल, त्या दिवशी ते हसू तिच्या ओठांवरून उतरणार नाही."

"तो जिवंत आहे?"

"उत्तरेच्या सुळक्यावर आहे. वाट मी दाखवीन. चालायचे तुला."

राणी निघाली. वर पक्षी, खाली राणी. रान मागे पडले, नदीचे उगम मागे पडले, आणि सुळका आला. सुळक्याच्या पोटात गुहा होती, गुहेत खजिना होता. तो खजिना जगावेगळा. ज्या ज्या माणसाच्या पडण्यावर लोक हसले, त्याच्या अंगावरून निसटलेली वस्तू तिथे येऊन पडे. पागोटी, वहाणा, तुटलेल्या माळा, सेनापतींच्या तलवारी, एका नवरदेवाच्या मुंडावळ्या. कोणत्याही वस्तूला हात लावला की त्या दिवशीचे हसू कानात घुमे. ढिगाच्या टोकावर उदयमतीचा मुकुट होता.

शेजारी एक वाळलेला, उंच म्हातारा बसला होता. त्याचे केस पिठासारखे पांढरे होते.

"मुकुट ओळखलास," व्योमधर म्हणाला. "घेऊन जा. दक्षिणेला सात राज्ये आहेत, त्यांतल्या कोणत्याही राज्यात तुला मी राणी करतो. तिथे तुला पडताना कोणी पाहिलेले नाही."

उदयमतीने मुकुटाला हात लावला. घाटावरचे हसू जसेच्या तसे कानात शिरले. तिचा चेहरा तापला, पण हात तिने मागे घेतला नाही.

"माझ्या लोकांनी मला पडताना पाहिले आहे," ती म्हणाली. "मला उठतानाही त्यांनीच पाहिले पाहिजे. शाप उतरवा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिले. मग गाठोड्यातून तीन शिंपले काढून तिच्यापुढे ठेवले.

"माणूस दुसऱ्याच्या पडण्यावर का हसतो, हे मी इतकी वर्षे इथे बसून विचारतो आहे. मला उत्तर मिळालेले नाही. तीन हसू आण. पहिले कातळपुलावरचे. दुसरे स्तंभनगरीतले. तिसरे अशा माणसाचे, ज्याला ना भय होते, ना हेवा, तरी तो हसला. मग बोलू."

कातळपूल म्हणजे खोल दरीवर निसर्गाने टाकलेली दगडाची कमान. वरून पाणी झिरपे, दगडावर शेवाळ. चालणारा अर्ध्यावर आला की पूल कूस बदले, जशी निजलेली गाय बदलते. पडणारा मरत नसे. खालची चिखलनदी त्याला गिळे आणि होता त्याच काठावर ओकून टाके. पलीकडे पोचलेले वाटसरू मात्र पुढे जात नसत. ते काठावर बसत आणि मागून येणाऱ्यांच्या पडण्यावर हसत.

उदयमती पुलावर चढली. अर्ध्यावर पूल वळला. ती हातापायांवर आली, शेवाळात नखे रोवली. राजकन्येला असे रांगणे कोणी शिकवले नव्हते. ते तिचे तिलाच सुचले. पलीकडे पाय टेकले तेव्हा तिच्या छातीतून काहीतरी उसळून वर आले. ते हसू होते. तिने ओठ मिटले आणि ते गिळले.

काठावर एक जाडगेला व्यापारी सर्वांत मोठ्याने हसत होता. मागचा एक वाटसरू नुकताच चिखलात गडप झाला होता. उदयमतीने शिंपला उघडून त्याच्या तोंडाशी धरला. हसू आत शिरले. शिंपला मिटला.

"काका," ती म्हणाली, "तुमचे गुडघे अजून लटपटत आहेत."

व्यापाऱ्याने गुडघ्यांवर हात ठेवले. "तो पडला," तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी नाही पडलो. हसलो नाही तर मला रडू येईल, बाई."

धनेश पुढे उडाला. राणी मागे चालली.

स्तंभनगरीची रीत अशी. चौकात एक दगडी स्तंभ होता. दर हंगामात लोक आपल्यातूनच कोणी एक निवडत, त्याला खांद्यावर घेऊन मिरवत आणि स्तंभावर बसवत. लोकांनी स्तुती केली की स्तंभ हातभर वाढे. राणी पोचली तेव्हा वर एक गवई बसला होता. गळा गोड, वय कोवळे. लोक गात होते, "याच्यासारखा झाला नाही, याच्यासारखा होणार नाही." स्तंभ वाढत होता. खाली एक कुंभारीण सर्वांत पुढे उभी होती. तिने त्याच्यासाठी फुलांचा हार आणला होता, तिचा आवाज सर्वांच्या वर होता.

वाढता वाढता स्तंभ इतका उंच झाला की गवयाचा चेहरा दिसेना. गाणे खाली पोचेना. लोकांची स्तुती आटली. मग कोणीतरी स्तंभाला खांदा लावला. दुसऱ्याने लावला. कुंभारणीने हार खाली ठेवून दोन्ही हात लावले. स्तंभ डोलला आणि गवई कडब्याच्या गंजीवर आदळला. हात मोडला. चौक हसण्याने दणाणला. राणीने कुंभारणीच्या तोंडाशी शिंपला धरला आणि हसू टिपले.

"आत्ताच तर त्याच्यासाठी हार आणला होतास," उदयमती म्हणाली. "मग हसलीस का?"

कुंभारणीने मानेवरून हात फिरवला. "वर बघून बघून मान अवघडली होती," ती म्हणाली. "आता तो माझ्याएवढा झाला. आणि खरे विचारशील, तर मला कधी कोणी तिथे चढवले नाही. मीही गाते."

आपल्याकडे बघून बघून किती जणांच्या माना अवघडल्या असतील, हा विचार उदयमतीच्या मनात पहिल्यांदाच आला. तो तिला आवडला नाही. पण तिने तो हाकलला नाही. गवयाचा हात तिने आपल्या पदराच्या पट्टीने बांधला आणि पुढे निघाली.

तिसरे हसू काही सापडेना. जिथे जावे तिथे हसणाऱ्याच्या पोटात भय तरी असे, नाहीतर हेवा. वाट एका उघड्या माळावर आली. वारा सोसाट्याचा. लांबवर एक माणूस पाठीवर कापसाचे भले मोठे गाठोडे घेऊन चालला होता. वाऱ्याने गाठोडे सुटले. कापूस उधळला. माणूस एक झुबका धरायला धावला, तर दुसरा सुटे. दुसऱ्यामागे धावला, तर पागोटे उडाले. पागोट्यामागे धावला, तर धोतरात पाय अडकला आणि तो डोके खाली करून उरलेल्या गाठोड्यात शिरला. वर नुसते दोन पाय हलत राहिले.

उदयमती हसली. मिरवणुकीपासून तिच्या ओठांना हसू शिवले नव्हते. आता ते अडवायच्या आत बाहेर पडले. मोकळे, खळखळून. तिच्या कंबरेचा शिंपला आपोआप उघडला. हसू आत गेले. शिंपला मिटला.

तिने शिंपल्यावर हात ठेवला आणि तिचे हसू थांबले.

धनेश शेजारच्या बाभळीवर बसला. "तुला भय होते?"

"नव्हते."

"त्याचा हेवा होता?"

"नव्हता."

"मग का हसलीस?"

उदयमती खोटे बोलत नसे. तिने त्या हलणाऱ्या पायांकडे पाहिले. "मला तो माणूस वाटलाच नाही," ती म्हणाली. "इतक्या लांबून ते नुसते डोलणारे गाठोडे वाटले."

ती चालत गेली. पायांना धरून तिने त्याला बाहेर ओढले. नाकातोंडात कापूस, वय साठीकडे झुकलेले.

"मी तुमच्यावर हसले," ती म्हणाली. "तुमचे नाव काय?"

"जानू पिंजारी," तो म्हणाला आणि दाढीतला कापूस काढू लागला. "हसा, बाई. लांबून मीही हसलो असतो. लेकीच्या लग्नाच्या गादीचा कापूस आहे. जवळ आला आहात तर दोन झुबके धरा."

राणी माळभर धावली. काट्यांतून, बांधांवरून, खड्ड्यांतून तिने कापूस वेचला. दोनदा जानू पुन्हा घसरून पडला, पण आता तिला हसू आले नाही. तिचा हात आधी पुढे गेला. तिचे तिलाच हे ध्यानात आले आणि ती वेचायची थांबून उभी राहिली. मग पुन्हा वेचू लागली. गाठोडे बांधून दिले, तेव्हा जानू म्हणाला, "लग्नाला या." तिने येईन म्हटले, आणि पुढे ती गेलीही, पण ती गोष्ट वेगळी.

सुळक्यावर परतल्यावर तिने तीन शिंपले व्योमधरापुढे ठेवले.

"तिसरे कोणाचे?"

"माझे."

म्हाताऱ्याची बोटे थबकली. "आपली निसटलेली वस्तू मागायला इथे जे जे आले, ते दुसऱ्यांचीच हसू घेऊन आले," तो म्हणाला. "मी वाट याचीच पाहत होतो. तरी ऐक. शाप देणे माझ्या हाती होते, उतरवणे नाही. ज्यांच्यावर ही नगरी हसली, त्यांनी नगरीत उभे राहिले पाहिजे, आणि नगरीनेच त्यांना उठवले पाहिजे."

"मग चला."

"मी त्या नगरीत जाणार नाही. तिथे मान खाली घालून चालावे लागेल."

"मान खाली कशाला?" उदयमती म्हणाली. "पडणे हा अपराध नव्हे. तुम्ही आकाशातून पडलात, कारण तुम्ही आकाशात होता. हसणाऱ्यांतला एकही तिथवर गेला नव्हता. तुमचा अपमान मोठा की माझा, हे मोजायला मला वेळ नाही. घाटावर माणसे बुडत आहेत. मलाही तिथे जायचे नाही. मी जाते आहे."

व्योमधर उठला. उठताना त्याची हाडे वाजली.

भर दुपारी ती दोघे नगरीच्या वेशीत शिरली. नगर ओळखू येत नव्हते. माणसे वाळून गेली होती, गालफडे बसली होती, आणि त्या बसलेल्या गालफडांवर हसू तसेच चिकटलेले होते. राणी आली हे कळताच लोक बाजारपेठेत जमले. त्यांना रडत पायांवर पडायचे होते. तोंडातून मात्र हसूच निघत होते.

चौकात व्योमधराचा पाय दगडाला अडला आणि तो पडला. नगर हसण्याने फुटले. शापाचे बळ असे की म्हाताऱ्याचे अंग डोंगराएवढे जड झाले. उदयमतीने त्याला दोन्ही हातांनी ओढले. तो तसूभर हलला नाही.

ती उभी राहिली. मान तिची नेहमीसारखीच ताठ होती. तिने पहिला शिंपला उघडला. व्यापाऱ्याचे हसू बाहेर पडले, आणि हसू विरल्यावर त्याच्या मागे दडलेला, थरथरता आवाज सर्वांना ऐकू आला. "बरे झाले, मी नव्हतो." पुढच्या रांगेतल्या काहींनी एकमेकांकडे पाहिले.

तिने दुसरा उघडला. कुंभारणीचे हसू ओसरले, मागून आवाज आला. "मला कधी कोणी चढवले नाही." प्रधानाने डोळे खाली वळवले.

तिसरा उघडला. हसू खळखळले आणि विरले. मागून काहीच आले नाही. नुसती माळावरच्या वाऱ्याची पोकळी आली, आणि ती ऐकून लोकांच्या अंगावर काटा आला.

"हे तिसरे माझे आहे," उदयमती म्हणाली. "तुमची राणी एका वृद्धाच्या पडण्यावर हसली. त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते, म्हणून हसली. नाव विचारले आणि हसू गेले. हात दिला, मग ते पुन्हा आले नाही. मी तुमच्याहून वेगळी नाही. पण तुम्ही माझे आहात, आणि माझे लोक पडलेल्याला पाहत उभे राहणारे नव्हेत, हे मला जगाला दाखवायचे आहे. हा व्योमधर. वाटेत याने मला सांगितले, याचा बाप या चौकाशेजारच्याच गल्लीत बुरूड होता, सुपे विणत होता. हा आपल्यातला पहिला माणूस, जो आकाशात गेला. याला उचला."

लोक जागच्या जागी हसत राहिले. पाय पुढे पडेना. मग गर्दीतून रंभाई आली. ती हसत होती, खोकत होती, पदराने डोळे टिपत होती. ती म्हाताऱ्याजवळ बसली आणि तिने त्याचा दंड धरला.

तिचे हसू थांबले. मेणबत्ती विझावी तसे नव्हे. जड ओझे खाली ठेवावे तसे. तिचे ओठ मिटले आणि कित्येक दिवसांनी तिने सरळ श्वास घेतला.

ते पाहून दुसरा आला. हात लावला, गप्प झाला. तिसरी आली. मग प्रधान आला, पुरोहित आले, भालदार-चोपदार आले. ज्यांना म्हाताऱ्यापर्यंत पोचता येईना, त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवले. सारे नगर एकाच साखळीत बांधले गेले. व्योमधर हलला, गुडघ्यावर आला, उभा राहिला.

नगरीत शांतता झाली. नदीचे पाणी ऐकू येऊ लागले.

आणि मग रंभाई रडली. जावई गेल्यापासून पहिल्यांदा ती जावयासाठी रडली, मोकळा गळा काढून. तिच्यामागून एकेक घर रडू लागले, कारण प्रत्येक घरात रडायचे राहून गेलेले होते. उदयमती चौकातल्या धुळीत रंभाईजवळ बसली आणि तिचे डोके तिने मांडीवर घेतले. राणी जमिनीवर बसलेली आहे, हे कोणाच्या मनातही आले नाही.

व्योमधर मात्र उभाच होता. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे होती. एका विणकराने भीत भीत विचारले, "महाराज, अजून उडता येते?"

"येते," म्हातारा म्हणाला. "पण आज नको. आज मला चालू द्या. बापाच्या गल्लीत मी फार वर्षांनी आलो आहे."

सुतक फिटल्यावर राज्याभिषेक झाला. सुळक्यावरच्या गुहेतल्या वस्तू धनेश आणि त्याच्या जातभाईंनी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या केल्या, आणि त्यांतले हसू निघून गेले होते. घाटावर राणीने दोर बांधून ठेवले आणि नावाडी नेमले. तिची मान तशीच ताठ राहिली, आणि नगरीला त्या मानेचा अभिमान वाटे. इतर राज्यांतले लोक विचारत, "ती तुमचीच राणी ना, जी चिखलात पडली होती?" तेव्हा नगरीतला कोणीही छाती काढून म्हणे, "हो. तीच. आमचीच."

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांचे पडणे टळेल असे नाही. ते कोणाचेच टळत नाही. पण पडाल तेव्हा मान ताठ असो, आणि उचलणारे हात जवळ असोत.